बोकड कुणी सांभाळायचा?

देशात शेळ्या वाढताहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत १४ कोटी ८८ लाख शेळ्या मोजल्या गेल्या, २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी जास्त. एकट्या महाराष्ट्रात एक कोटी सहा लाख. मग शेळीची एखादी जात संपत चालली म्हणून कुणी हळहळलं, तर ऐकणाऱ्याला ते खरं वाटत नाही. पण डोकी वाढणं वेगळं आणि जात टिकणं वेगळं. झपाट्यानं वजन भरणारा तोच बाहेरचा बोकड चार तालुक्यांत फिरला, तर पाच-सात वर्षांत डोकी दुप्पट होतील आणि त्या मुलखाची मूळ शेळी त्याच आकड्याखाली विरून गेलेली असेल. गणनेच्या तक्त्यात हे सहसा दिसत नाही. म्हणून डोंगरी शेळीच्या जतनाचा आढावा घ्यायचा तर संख्येपासून सुरुवात करून उपयोग नाही. करडं कुठल्या बोकडाची, ती कुठे चरतात आणि त्यांच्यामागे काठी घेऊन कोण चालतं, हे आधी विचारावं लागतं.

हा धोका डोंगरातल्या जातींना जास्त असतो, कारण त्या मुळातच थोड्या असतात. एक खोरं, त्यातली दहा-वीस गावं, वर्षातले चार-पाच महिने बर्फानं किंवा पावसानं बंद पडलेली वाट. अशा ठिकाणी शेळी त्या खोऱ्यापुरती घडत जाते. कुठे खूर कठीण होतात, कुठे केस लांब वाढतात, कुठे कुठलाही कडवट पाला पचवण्याची ताकद येते. वाट मोटारीची झाली की बाहेरचा बोकड येतो आणि खोऱ्यातल्या शे-दोनशे शेळ्यांचं वेगळेपण पुसायला फारशा पिढ्या लागत नाहीत.

या प्रश्नाचा सगळ्यात नीट नोंदलेला इतिहास स्वित्झर्लंडमध्ये सापडतो. 'हायडी' वाचलेल्यांना पेटर आठवत असेल. सकाळी गावातल्या घराघरांतून शेळ्या गोळा करून तो वरच्या कुरणांवर न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. ही कादंबरी ग्राउब्युंडेन प्रांतात घडते आणि तिच्यातली सामाईक राखणीची पद्धत आल्प्सच्या कितीतरी गावांत खरोखर होती. गाय घेणं ज्याला परवडत नव्हतं त्याच्या घरी शेळी असायची. सार्गान्सच्या डोंगराळ भागात श्टीफेलगाइस होती, गुडघ्याखाली गडद रंगाचे पाय आणि मागच्या अंगावर लांब केस असलेली. ग्राउब्युंडेन आणि तिचिनोत काळ्या-पांढऱ्या रंगाची फाउएनत्सीगे होती. वेर्झास्काच्या खडकाळ खोऱ्यात नेरा वेर्झास्का ही आखूड केसांची काळीभोर शेळी होती. वालेत मानेपर्यंत काळी आणि मागून स्वच्छ पांढरी शेळी होती. एवढ्याशा देशात इतक्या जाती होत्या, कारण खोरी तितकी होती.

त्या कमी झाल्या त्या एका फटक्यात नव्हे. १८६८ मध्ये आल्प्समध्ये मोठे पूर आले आणि उतारांवरची झाडं तुटल्यामुळे पाणी खाली धावतं, असं निदान झालं. निदान बरंचसं बरोबर होतं. १८७६ मध्ये वनांच्या संरक्षणाचा संघराज्य कायदा झाला आणि जंगलातल्या चराईवर बंधनं आली. त्यांचा फटका शेळीला आणि शेळीवाल्याला बसला. मग कारखान्यांत काम मिळू लागलं, घरातली पोरं खोऱ्याबाहेर गेली आणि पेटरचं काम करायला कुणी उरलं नाही. १९३८ मध्ये पशुपालनाच्या सरकारी धोरणात अधिकृत जातींची यादी छाटण्यात आली. दुधाचे आकडे दाखवू शकणाऱ्या थोड्या जाती यादीत राहिल्या. फाउएनत्सीगेसारख्या बाहेर पडल्या. मान्यता गेली की प्रदर्शन नाही, बक्षीस नाही, पैदाशीच्या बोकडासाठी अनुदान नाही, वंशावळीची नोंदवही नाही. त्याच काळात सानेन आणि टोगेनबुर्ग या स्विस शेळ्या जगभर चालल्या होत्या. पुढे आपल्याकडेही कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत सानेन आणि आल्पाइन बोकडांचा संकर बीटल शेळीशी करण्यात आला. दोन स्विस जाती जग जिंकत असताना शेजारच्या खोऱ्यांतल्या जाती संपत चालल्या होत्या. यशस्वी जात शेजारच्या जातीला गिळते, ही गोष्ट या विषयात पुन्हा पुन्हा समोर येते.

१९८२ मध्ये 'प्रोस्पेसिएरारा' ही संस्था स्थापन झाली. शेतीतल्या दुर्मिळ जनावरांचे आणि पिकांचे वाण जपणं हे तिचं काम. श्टीफेलगाइसचे अखेरचे उरलेले नमुने शोधून, गोळा करून, वेगवेगळ्या पाळणाऱ्यांकडे देऊन त्यांची नोंदवही नव्यानं सुरू करण्यात आली. मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती जनावरं विखरून ठेवण्याची. एका सरकारी फार्मवर सगळी शेळी एकत्र ठेवली तर एका साथीत सगळं संपू शकतं. शिवाय फार्मवरच्या गव्हाणीत वाढलेली पिढी कडे चढायचं विसरते. वीस पाळणाऱ्यांच्या वीस गोठ्यांत तीच संख्या राहिली तर साथही विभागली जाते आणि निवडही वीस जणांच्या नजरेतून होते.

आता बोकडाकडे येतो, कारण जतनाचा सगळा हिशेब तिथे अडतो.

समजा एखाद्या जातीच्या दोनशे माद्या उरल्या आहेत. ऐकायला बरं वाटतं. पण त्यांच्यावर चारच बोकड चालत असतील, तर अनुवंशशास्त्राच्या हिशेबानं त्या कळपाची परिणामकारक संख्या किती? सूत्र साधं आहे. नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, त्याची चौपट करायची आणि त्याला दोघांच्या बेरजेनं भागायचं. उत्तर येतं जेमतेम सोळा. म्हणजे दोनशे चार जनावरांचा कळप वंशाच्या दृष्टीनं सोळा जनावरांच्या कळपासारखा वागतो आणि प्रत्येक पिढीत रक्तसंबंध सुमारे तीन टक्क्यांनी वाढत जातो. माद्या तेवढ्याच ठेवून बोकड वीस केले की उत्तर त्र्याहत्तरच्या आसपास जातं आणि ही वाढ पिढीला एक टक्क्याच्या खाली येते. सोळा बोकड जास्त सांभाळले, एवढाच फरक. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या निकषांतही म्हणून नरांना वेगळं मोजलं आहे. पैदाशीच्या माद्या फारच थोड्या उरल्या असतील, किंवा नर पाच किंवा त्याहून कमी असतील, तर ती जात अत्यंत संकटात धरली जाते. हजार माद्या असल्या आणि बोकड पाचच असले, तरी.

आणि बोकडच आधी जातो. आपल्याकडच्या कुठल्याही शेळीवाल्याला विचारा. करडांतलं जे सगळ्यात भरदार, जे सहा-आठ महिन्यांत अंग धरतं, त्याला व्यापारी आधी हेरतो. बकरी ईद, जत्रा, घरातलं लग्न, दवाखान्याचं बिल, पोराची फी, यांतल्या कशाही पायी पहिला विकला जातो तो हाच नर. उरलेले काही खच्ची होतात. जो विकलाही गेला नाही आणि खच्चीही झाला नाही, असा एखादा किडमिडीत बोकड खांडात राहतो आणि पुढच्या वर्षीच्या करडांचा बाप होतो. म्हणजे दर वर्षी उत्तम नर कत्तलीला आणि उरलासुरला पैदाशीला. यात पाळणाऱ्याची चूक नाही. चांगला बोकड ठेवून घेण्याचा खर्च त्याचा एकट्याचा असतो. चारा त्याचा, वास त्याच्या गोठ्याला, धक्का लागून पोर पडलं तर भांडण त्याच्या दारात. फायदा मात्र सगळ्या वाडीच्या शेळ्यांना. पूर्वी देवाला सोडलेला बोकड गावभर फिरायचा, त्याला कुणी हाकलत नसे आणि तोच गावच्या शेळ्यांना लागायचा. त्या प्रथेत श्रद्धा होती. व्यवस्थाही होती. ती मोडली आणि तिच्या जागी दुसरी काही आली नाही.

आपल्याकडे दहा शेळ्या आणि एक बोकड देण्याच्या योजना आहेत. हे प्रमाण वाईट नाही. वरच्या सूत्रात घातलं तर उलट चांगलंच आहे. अडचण पुढे येते. दीड-दोन वर्षांत त्या बोकडाच्या पाठी वयात येतात आणि बदलून दुसरा बोकड आणला नाही तर बापच लेकींना लागतो. बोकड दोन वर्षांनी पुढच्या गावाला आणि मागच्या गावाचा इकडे, अशी फेरी लावणं याला पैसा फार लागत नाही. लागते ती नोंदवही आणि ती लिहिणारा माणूस.

मग प्रयोगशाळेत वीर्य गोठवून ठेवलं तर? हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर सरळ द्यायला हवं. ठेवावंच. कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो आहे. देशी जातींची नोंदणी आणि जनुक साठवणीचं काम तिथे चालतं. पण शेळीच्या बाबतीत हे काम गाईइतकं सोपं नाही. बोकडाच्या वीर्यद्रवात असं एक विकर असतं की ते गोठवणीसाठी मिसळलेल्या अंड्यातल्या बलकाला साकळवतं आणि शुक्रजंतू मारतं. म्हणून ते धुऊन घ्यावं लागतं, आणि धुण्यातही काही शुक्रजंतू जातात. शेळीचं गर्भाशयमुख अरुंद असल्यानं कृत्रिम रेतन करणारा हातही सराईत लागतो. शिवाय गोठवलेलं वीर्य अर्धीच जात असते. माद्या संपल्यावर ते दुसऱ्या जातीच्या शेळीला दिलं तर पहिल्या पिढीत निम्मं रक्त, दुसरीत पाऊण, तिसरीत साडेसत्त्याऐंशी टक्के. चौथ्या-पाचव्या पिढीपर्यंत पुरेल इतकं, आणि पुरेशा वेगवेगळ्या बोकडांचं वीर्य जपलेलं असेल तरच याला अर्थ.

याच्या उलट बाजूचं उदाहरण पिरेनीज पर्वतातलं आहे. बुकार्दो ही तिथली रानटी डोंगरी शेळी, पाळीव नव्हे, पण धडा तोच. शेवटची मादी, सेलिया, २००० सालच्या ६ जानेवारीला ओर्देसाच्या अरण्यात झाड अंगावर पडून मेलेली सापडली. आदल्या वर्षी तिच्या पेशी काढून गोठवलेल्या होत्या. त्यांच्यापासून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी एक करडू जन्माला घातलं. फुप्फुसातल्या दोषामुळे ते काही मिनिटांतच गेलं. आणि ते जगलं असतं तरी काय? पेशी एकाच मादीच्या होत्या. तिला जोडीला नर कुठून आणणार होते? काश्मीरमध्ये २०१२ साली 'नूरी' ही पश्मिना शेळी क्लोनिंगनं जन्मली. तो शास्त्रातला मोठा टप्पा होता आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण लडाखच्या चांगथांगमध्ये चांगथांगी शेळी टिकून आहे ती चांगपा अजून कळप घेऊन हिवाळ्यात तिथे राहतात म्हणून.

शीतपेटीत न जाणारीही एक गोष्ट असते. अमेरिकेत युटा स्टेट विद्यापीठात फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी शेळ्या-मेंढ्यांच्या खाण्यावर दीर्घ काळ काम केलं. काय खावं आणि काय टाळावं हे करडू बरंचसं आईकडून शिकतं, असं त्यात स्पष्ट झालं. धनगराला हे सांगायला नको. ज्या खांडानं एखादा सडा पिढ्यान् पिढ्या चरला आहे, त्याला पावसात कुठे उभं राहायचं, कुठला पाला कोवळा असताना बाधतो, कुठल्या घळीत बिबट्या बसतो, हे ठाऊक असतं. खांड मोडून विकलं आणि दहा वर्षांनी त्याच जातीची जनावरं फार्मवरून आणून सोडली, तर रंग आणि शिंगं परत येतील, हे शहाणपण येणार नाही.

म्हणजे चराई हवी. आणि चराईच्या बाबतीत शेळीइतकी बदनामी दुसऱ्या कुठल्या जनावराच्या वाट्याला आलेली नाही. युगोस्लाव्हियात १९५४ मध्ये वनरक्षणासाठी शेळी पाळण्यावर कायद्यानंच बंदी आली आणि बाल्कन डोंगरातले कळपच्या कळप कापले गेले. आपल्याकडच्या वनखात्याचीही शेळीकडे पाहण्याची नजर ब्रिटिश काळापासून अशीच. शेवटी १९८७ मध्ये सी. एच. हनुमंत राव यांच्या अध्यक्षतेखालच्या कृतिगटानं नाजूक परिसंस्थांमधल्या शेळी-मेंढीपालनाचा अभ्यास केला. शेळीपासून पर्यावरणाला काही खास धोका असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. उजाड माळावर शेळी शेवटी उरते, कारण तिथे दुसरं काही जगतच नाही. तिथे ती दिसते म्हणून माळ तिनं उजाड केला असं ठरवलं जातं. याचा अर्थ कोवळ्या रोपवनात शेळ्या सोडाव्यात असा नाही. उगवतं झाड शेळी खातेच. प्रश्न जागा, हंगाम आणि संख्या ठरवण्याचा आहे. तो शेळीवाल्याला बरोबर बसवून सुटतो, त्याला दंडाची पावती फाडून सुटत नाही.

गंमत अशी की ज्या आल्प्समधून शेळी हाकलली, तिथेच आता ती परत बोलावली जाते आहे. सोडून दिलेल्या कुरणांवर ग्रीन ऑल्डरची झुडपं दाट माजतात आणि गवत, फुलं, सगळं झाकून टाकतात. गाय त्यांना तोंड लावत नाही. शेळी साल सोलून झुडपं वाळवते. आयर्लंडमध्येही तेच. तिथली जुनी आयरिश शेळी डोंगरांत रानटी कळपांच्या रूपानं उरली होती. ती खरोखर जुनी जात आहे की सुटलेल्या आधुनिक शेळ्यांची सरमिसळ, यावर वाद होता. २०१७ मध्ये संग्रहालयांत पेंढा भरून ठेवलेल्या जुन्या शेळ्यांचा डीएनए जिवंत कळपांशी ताडून पाहिला गेला. मेयो परगण्यातल्या मलरॅनीचा कळप जुन्या आयरिश नमुन्यांशी जुळला. २०२१ मध्ये याच शेळ्यांचा एक कळप डब्लिनजवळच्या हाउथ टेकडीवर आणला गेला. तिथे गॉर्स नावाचं काटेरी झुडूप उन्हाळ्यात पेटतं आणि वणवा वस्तीपर्यंत येतो. शेळ्यांनी ते खाऊन मोकळे पट्टे ठेवायचे, असं काम. दुर्मिळ जातीला असं पगारी काम मिळालं की तिचं जतन कुणाच्या दयेवर राहत नाही, म्हणून हा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो.

बाजार हा दुसरा आधार. तिचिनोत लोकार्नोच्या वरच्या खोऱ्यांत शेळीच्या मांसाचं 'चिचित्त' नावाचं लांब सॉसेज करतात. 'स्लो फूड' चळवळीनं ते जपण्याजोग्या खाद्यपदार्थांत घेतलं आहे. म्हाताऱ्या शेळीलाही त्यामुळे किंमत येते. पण बाजारावर सगळी भिस्त ठेवायला मी तयार नाही. पदार्थ गाजला की मागणी वाढते, मागणी वाढली की संकर येतो, आणि नावाखाली भलतंच जनावर विकलं जातं. शिवाय स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पासून लांडगा परतला आहे. वेर्झास्काच्या शेळ्या उन्हाळाभर राखणीशिवाय डोंगरात सोडायची जुनी रीत त्यामुळे अडचणीत आली. अशा वेळी बाजारभाव कामाला येत नाही. राखणदाराचा पगार कुणीतरी द्यावा लागतो.

आपल्या सह्याद्रीत काय स्थिती आहे? देशात शेळीच्या तीसहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. महाराष्ट्राच्या चार : उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ. दक्षिणेला केरळात अट्टप्पाडी ब्लॅक आहे. पालक्काडच्या डोंगरात इरुळा, मुडुगा आणि कुरुंबा आदिवासींनी राखलेली ही काळी, काटक शेळी. मलबारी जातीशी होणाऱ्या संकरानं तिचं मूळ रक्त पातळ होतं आहे. सरकारी शेळी फार्म आहे, तरी ती खरी टिकेल ती पाड्यांवरच.

कोकण कन्याळ ही सिंधुदुर्गाची. काळ्या अंगावर पांढऱ्या खुणा, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, उंच पाय. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं निळेलीच्या केंद्रात तिच्यावर काम केलं म्हणून ती नोंदीत आली. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात शेळी जगवणं किती कठीण, हे घाटावरच्या माणसाला पटकन कळणार नाही. शेळीला ओल सोसत नाही. खूर सडतात, जंत होतात, छातीत कफ धरतो. बाहेरून आणलेल्या देखण्या सिरोही शेळ्या एका पावसाळ्यात आडव्या झाल्याची हकीकत त्या भागात सहज ऐकायला मिळते. कन्याळ तिथे उभी राहते ते पिढ्यान् पिढ्यांच्या छाटणीतून. हीच तिची खरी किंमत, आणि ती बाजारात किलोच्या दरात मोजली जात नाही.

तिच्यापुढचं संकट मात्र पावसाचं नाही. सडे आणि डोंगरउतार कुंपणात जाताहेत. काजू, आंबा, दोडामार्गाकडे रबर आणि अननस. धनगरवाड्यांतली पोरं गोव्यात आणि मुंबईत कामाला आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. फिरस्त्या पशुपालकांचा हंगामी वावरही त्यात धरला आहे. पण महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नाहीत. म्हणून 'इतर पारंपरिक वननिवासी' या नात्यानं त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. आजा डोंगरात शेळ्या राखत होता याचा कागद कुठून आणायचा? वाडीतल्या वयस्कर माणसांचे जबाब, जुन्या चराईच्या पावत्या, देवस्थानाच्या नोंदी, हे सगळं कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून चालतं. ते गोळा करून दावा दाखल करायला मात्र ग्रामसभेला मदत लागते, आणि पशुसंवर्धन खात्याला हे आपलं काम वाटत नाही. मला वाटतं ते त्याचंच काम आहे. लस टोचायला खांड हवं तर खांडाला कुरण हवं.

म्हणून कन्याळसाठी पैसा खर्च करायचा झाला, तर तो नव्या इमारतीत घालू नये. पाच-सहा धनगरवाड्यांतून एकमेकांशी नातं नसलेले बोकड निवडावेत आणि ते खच्ची न करता, न विकता ठेवणाऱ्याला वर्षाला ठरावीक मानधन द्यावं, कत्तलीच्या बाजारात त्याला जो भाव मिळाला असता त्याच्या बरोबरीचं. दर दोन वर्षांनी बोकड पुढच्या वाडीला जावा. कुठल्या बोकडाची करडं कुठे गेली याची वही वाडीतल्याच शिकलेल्या मुलीनं लिहावी आणि तिलाही मेहनताना मिळावा. निळेलीच्या केंद्रानं या वह्या दर वर्षी तपासाव्यात आणि प्रत्येक वंशातल्या निदान एका बोकडाचं वीर्य गोठवून ठेवावं. चराईच्या दाव्यांचं काम याच वाड्यांपासून आणि याच पावसाळ्यानंतर सुरू करता येईल.